जुन्या मालकिणीची चिठ्ठी

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्याच्या हिशोबानं सुरू झाली आणि भलत्याच विषयावर जाऊन थांबली. गटातली एक ताई पुण्यात सहा वर्षं एका घरी आजींना सांभाळायला होती. राहून काम. आजींची आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं तिच्याकडं. इकडं सासू आजारी पडली म्हणून तिनं पंधरा दिवसांची रजा मागितली. मालकीण नाही म्हणाली, शब्दाला शब्द वाढला आणि ताई पिशवी भरून गावी आली. आता सासू बरी आहे, काम पुन्हा हवं आहे. एका ठिकाणी सगळं ठरलंही, पगारसुद्धा. शेवटी तिथल्या बाईंनी विचारलं, "आधी कुठं होतात? त्यांचा नंबर द्या, मी बोलून घेते."

ताईनं नंबर दिला नाही. "शोधून देते" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा नाही. "भांडून आलेय मी. त्या काय सांगतील? पैशाला हात लावला म्हणाल्या, तर मी कुणाला पटवू?"

बैठकीत एकीनंही "काही होत नाही गं" म्हटलं नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी कधी ना कधी दुसऱ्याच्या घरी, दुकानात, दवाखान्यात कामाला होत्या. त्या भीतीची चव सगळ्यांना माहीत होती. मग आम्ही ठरवलं, की ही भीती किती जुनी आहे ते बघू. आजच्या कार्यक्रमात तेच सांगणार आहोत.

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजीत 'चिट' असा शब्द आहे. तो मूळचा त्यांचा नाही. तो आपल्या 'चिठ्ठी'वरून गेला. १८८६ साली इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा मोठा कोश निघाला, त्यात 'चिट' आहे आणि तिचा एक अर्थ असा दिलाय, की नोकराला दिलेलं प्रमाणपत्र. म्हणजे शब्द आपला, पण कागदावरचं अक्षर त्यांचं.

ही रीत साहेबांनी घरूनच आणली होती. इंग्लंडात मोलकरीण काम सोडून निघाली, की आधीच्या घरच्या बाई तिच्याबद्दल जे लिहून देत, त्याला 'कॅरेक्टर' म्हणत. चारित्र्यच ते! ते नसेल तर चांगलं घर मिळायचं नाही. १७९२ साली तिथं कायदा झाला, की खोटं 'कॅरेक्टर' देणाऱ्याला आणि ते दाखवून काम मिळवणाऱ्याला २० पौंड दंड. वर्षभर राबून जिच्या हातात त्याच्या निम्मे पौंडही पडत नसत, अशा मोलकरणीला हा दंड. आणि १८०० साली एका खटल्यात तिथल्या न्यायाधीशानं सांगितलं, की नोकराला 'कॅरेक्टर' दिलंच पाहिजे असं मालकावर बंधन नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कागदाशिवाय काम नाही, कागद द्यायची मालकाला सक्ती नाही, आणि कागद खोटा निघाला तर दंड.

हीच रीत मुंबईत, पुण्याच्या लष्करात, महाबळेश्वर-माथेरानच्या बंगल्यांत आली. खानसामा, माळी, आया, सगळे आपापल्या चिठ्ठ्या फडक्यात बांधून जपायचे. नवी मेमसाहेब आली, की बंगल्याच्या व्हरांड्यात रांग आणि प्रत्येकाच्या हातात तो गठ्ठा. इथं एक मेख होती. चिठ्ठी इंग्रजीत, आणि जिच्याबद्दल लिहिली तिला इंग्रजी येत नाही. साहेबलोकांच्या आठवणींत असे किस्से मोठ्या चवीनं सांगितलेले असतात, की अमका खानसामा अगदी अभिमानानं चिठ्ठी पुढं करायचा आणि तिच्यात लिहिलेलं असायचं की हा आळशी आहे, याला ठेवू नका. वाचणारे हसायचे. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. आमच्या त्या ताईनं विचारलं, "म्हंजे तो माणूस आपलं वाईट आपणच वर्षानुवर्षं जपून ठेवत होता?" होय, तसंच.

दुसरी तक्रार साहेबांची अशी, की बाजारात चिठ्ठ्या विकत मिळतात, भाड्यानं मिळतात, एकाची चिठ्ठी दुसराच दाखवतो. ते खरंही होतं. पण ज्या बाजारात कागदाशिवाय पोट भरत नाही, तिथं कागदाचाही बाजार भरणारच. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा, आमचं मन काही तसं म्हणायला तयार होत नाही.

त्या काळी मेमसाहेबांसाठी घर कसं चालवावं याचं एक फार गाजलेलं पुस्तक होतं, फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींचं. त्यात सल्ला असा, की नोकराला कमीत कमी पगारावर ठेवावं, वरचे थोडे पैसे बक्षीस म्हणून वेगळे ठरवावेत आणि चूक झाली की दंड त्या बक्षिसातून कापावा. नोकर लहान मुलांसारखे असतात म्हणून शिक्षेला एरंडेल पाजायचा उपायही त्या पुस्तकात आहे. असं समजणाऱ्या हातानं लिहिलेल्या दोन ओळींवर पुढचं काम मिळायचं.

सगळ्यात बिकट गत आयांची. साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं, की बोटीवर मुलं सांभाळायला आया सोबत न्यायचे. कित्येक आठवड्यांचा प्रवास, बोट लागलेली बाई, रडणारी पोरं. लंडनला पोचल्यावर मात्र बऱ्याच घरांना आयेची गरज उरत नसे. परतीचं तिकीट दिलं तर दिलं. १९०८ सालचं एक प्रकरण तिथल्या सरकारी कागदांत आहे. हिंदुस्थानातून नेलेल्या एका आयेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड देऊन सोडून दिलं. परका मुलुख, परकी भाषा, थंडी.

अशा बायांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं घर होतं. आधी ऑल्डगेट भागात, १९०० सालापासून हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर. हिंदुस्थानाकडं परत निघालेल्या कुटुंबाला आया हवी असली, की ते या घरात येत. तिथली व्यवस्थापक बाई आयेचं परतीचं तिकीट त्या कुटुंबाशी जोडून द्यायची आणि आया काम करत करत घरी परतायची. म्हणजे इथंही कुणीतरी तिच्या वतीनं शब्द टाकायचा, तेव्हाच ती मायदेशी यायची. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी लागली. एवढी वर्षं तिथं कुणाला ठाऊकही नव्हतं. आणि आपल्याकडं तरी कुठं होतं?

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आमच्या माण-खटावातली, तशीच कोकणातली आणि कोल्हापुराकडची घरंच्या घरं मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथं चिठ्ठीची भानगड नव्हती. तिथं जॉबर होता. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे तोच ठरवायचा. १९२०च्या सुमारास गिरणीत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. त्या जास्त करून सूत गुंडाळायच्या खात्यांत, म्हणजे वायंडिंग आणि रीळिंगमध्ये. त्यांच्यावर जॉबरसारखीच एक बाई असायची, तिला नायकीण म्हणत. नायकिणीचा शब्द हीच शिफारस. तिला खूश ठेवायचं, सणाला काहीतरी द्यायचं, नाहीतर उद्यापासून दारातून परत. १९३१ साली सरकारच्या कामगार आयोगानं अहवाल दिला, त्यात काम मिळवायला आणि ते टिकवायलाही लाच द्यावी लागते हे साफ नोंदवलं आहे. पुढं १९३५ साली गिरणीमालकांच्या संघानं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठं निदान नाव तरी कागदावर आलं.

आणि १९४६ साली मोठ्या कारखान्यांसाठी स्थायी आदेशांचा कायदा आला. त्याखालच्या नमुना नियमांत एक छोटं वाक्य होतं, की कायम कामगाराला काढलं, कमी केलं किंवा तो निवृत्त झाला, तर सेवेचं प्रमाणपत्र मिळण्याचा त्याला हक्क आहे. आम्हाला हे वाक्य फार मोठं वाटतं. काढून टाकलेल्यालासुद्धा! म्हणजे भांडण झालं असलं तरी, त्यानं इतकी वर्षं इथं काम केलं हे नाकारता येणार नाही. माणूस चांगला की वाईट हे मालकाचं मत राहू दे. केलेलं काम हे मत नव्हे. मात्र ते वाक्य 'कायम' कामगारासाठी. घरकामाची बाई त्यात कुठंच नव्हती.

त्या कागदाची किंमत काय ते आमच्या गावांनी पुढं पाहिलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. मग गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरलं, तेव्हा म्हाडानं पुरावे मागितले. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरी पास, पगारपावती, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, सेवा प्रमाणपत्र. गिरणी नाही, मालक नाही, धनी वारलेले. आमच्याकडं म्हाताऱ्या बायकांनी ट्रंका उपसल्या. कुणाला देव्हाऱ्याच्या फळीवर लाल पास सापडला. कुणाच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या होत्या.

आजही गोष्ट फार पुढं गेलेली नाही. बांधकामावर जाणाऱ्या बायांना कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली मंडळाचा कायदा झाला, तरी पुढच्या घरी काम मिळताना चालतो तो फोनच. फोनवरचं बोलणं चिठ्ठीपेक्षा वाईट. चिठ्ठी निदान कुणाकडून तरी वाचून घेता येते.

तर आमच्या ताईचं काय केलं ते सांगतो. आम्ही तिला म्हटलं, नंबर दडवू नकोस, दडवलास की संशय वाढतो. नव्या बाईंना आपणच आधी सांग, की रजेवरून वाद झाला आणि मी काम सोडलं. पगार बँकेत जमा व्हायचा, त्या पासबुकाच्या सहा वर्षांच्या नोंदी काढ. आजींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना विचार, ते तुला ओळखतात. आणि जुन्या मालकिणीकडं चांगलं लिहून मागू नकोस. फक्त कधीपासून कधीपर्यंत आणि काय काम केलं, एवढंच माग.

फोन करायला ताईला दोन दिवस लागले. आमच्यातल्या दोघी शेजारी बसल्या होत्या. पलीकडून आधी बराच वेळ काही नाही. मग बाईंनी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" ताई म्हणाली, "बऱ्या आहेत. आजी?" आजी आता नव्या बाईच्या हातचं खात नव्हत्या.

चार दिवसांनी मोबाइलवर कागदाचा फोटो आला. मराठीतच होता. ताईनं स्वतः वाचला नाही, नववीतल्या लेकीला मोठ्यानं वाचायला लावला. वागणूक चांगली, कामात प्रामाणिक, असं लिहिलं होतं. लेक वाचत होती तोवर ताई मान हलवत होती, आणि मध्येच म्हणाली, "थांब. वर्षं किती लिहिलीत?"

"चार."

"सहा आहेत. पाठव परत. म्हणावं, दुरुस्त करून द्या."