गाडी एक लाख किलोमीटरच्या पुढे गेली? आधी हे तपासा

मीटर लाखाच्या पुढे गेला म्हणून गाडी विकायलाच हवी असं नाही. मात्र या गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यास मोठा खर्च अंगावर येतो.

टायमिंग बेल्ट : हा रबरी पट्टा तुटण्याआधी आवाज देईलच असं नाही. चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. सेकंडहँड गाडी घेताना पट्टा बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदलूनच घ्यावा. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी चेन असते, मिस्त्रीला विचारावं.

कूलंट : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नये, क्षार साचतात. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

ब्रेक ऑइल : हे हवेतला ओलावा ओढतं. जुनं झालं की घाट उतरताना ब्रेक दगा देऊ शकतो. साधारण दोन वर्षांनी बदलावं.

इंजिन ऑइल : जुनं इंजिन ऑइल खातं. सर्व्हिसिंगची वाट न पाहता आठवड्याला काडी ओढून पातळी बघावी.

टायर : नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावा. गोटा झालेला टायर पावसात घसरतो.

कागदपत्रं : खासगी गाडीला १५ वर्षं पूर्ण होण्याआधी आरटीओत नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज करावा.