शिबिर कसं झालं, हे कोणाला विचारायचं?



थंडी पडली, कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या की गावात पोरं-पोरी येतात. शाळेच्या वर्गात अंथरुणं टाकतात, सकाळी प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, संध्याकाळी पथनाट्य. सातव्या दिवशी समारोप होतो, सरपंचांना नारळ दिला जातो आणि टेम्पो निघून जातो. बॅनरवर ‘राष्ट्रीय सेवा योजना’ असं लिहिलेलं असतं, आपण एनएसएसचं शिबिर म्हणतो. मी बी.ए. करताना दोन वर्षं या योजनेत होते. आता बचत गटांचं काम करते, त्यामुळे शिबिर गावाच्या बाजूने बघायला मिळतं. आज या योजनेचा इतिहास सांगते. त्यात मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: शिबिराचा उपयोग झाला की नाही, हे आजवर कोणी ठरवलं?

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच विचार सुरू झाला की शिकणाऱ्या मुलांनी देशासाठी हातानं काहीतरी करावं. डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगाने ही कल्पना मांडली. मग 1959 मध्ये एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांच्या समितीने चांगलीच कडक शिफारस केली. शाळा संपल्यावर कॉलेजात जाण्याआधी प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा करावी! (त्याच सुमारास त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख स्त्री-शिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष होत्या. एका घरात दोन समित्या. रात्री जेवताना काय बोलत असतील, असं मला नेहमी वाटतं.)

सक्तीची गोष्ट काही जमली नाही. खर्च मोठा होता, मुलांचं वर्ष जाणार होतं. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांत काय चालतं ते पाहून 1960 मध्ये अहवाल दिला. त्यांचं म्हणणं होतं की सेवा ऐच्छिक ठेवावी आणि आधी थोड्या ठिकाणी करून बघावी. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 रोजी शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी योजना सुरू केली. तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40,000 विद्यार्थी होते. मुलांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं, त्याला आठ आरे. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला तयार. बायकांचे आठ प्रहर कोणी बिल्ल्यावर काढले नाहीत, पण ते असो.

योजना नवी होती तोवरच 1972 चा दुष्काळ पडला. तुमच्या सासवा, आज्या सांगतात तोच, खडी फोडायची आणि सुकडी खायची. तेव्हा देशभर ‘युवक दुष्काळाविरुद्ध’ अशी मोहीम निघाली आणि कॉलेजची मुलं खेड्यांत आली. पुढे रोगराई आणि घाण, मग झाडं, मग ग्रामीण पुनर्रचना असे विषय बदलत गेले. विषय बहुतेक वेळा वरून ठरलेला यायचा.

आता मूल्यमापनाकडे येऊ. साधारण शंभर मुलांचं एक युनिट असतं आणि त्याला एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून असतो. हे सर किंवा मॅडम एरवी रसायनशास्त्र नाहीतर मराठी शिकवतात. शिबिराची जागा ठरवायची, किराणा आणायचा, मुलींच्या झोपायची व्यवस्था बघायची, मुलांच्या वर्षाच्या 120 तासांच्या नोंदी ठेवायच्या आणि शेवटी अहवालही त्यांनीच लिहायचा. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा, तसं हे झालं. पण एक गोष्ट त्या प्राध्यापकाइतकी कोणालाच कळत नाही. वर्गात मान वर न करणारी सुरगाण्याची मुलगी चौथ्या दिवशी माईक हातात घेऊन बोलली, हे फक्त त्यालाच दिसतं, कारण ती आधी कशी होती ते त्याला माहीत असतं.

दुसऱ्या बाजूला आले संशोधक. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून समाजकार्य शिकवते. अशा संस्थांमध्ये कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची केंद्रं सुरू झाली. म्हणजे प्राध्यापक तिथे शिकायला जाणार आणि तिथले संशोधक त्यांच्याकडून कॉलेजांचं खरं चित्र समजून घेणार. टाटा संस्थेने योजनेचं मूल्यमापनही केलं. निष्कर्ष साधारण असा होता की नेतृत्व खंबीर असेल, कारभार सरळ असेल आणि प्रशिक्षण पुरेसं असेल, तर या योजनेच्या ताकदीला जवळपास मर्यादा नाही. म्हणून ती जोपासावी. 1984 मध्ये केंद्र सरकारने डॉ. आदिशेषय्या यांची आढावा समिती नेमली. तिनेही योजना चालू ठेवा, वाढवा, पण पाया नीट करा, असंच सांगितलं.

ही जोडी मला पटते. संशोधक मुळात मोजायला शिकलेला असतो. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, शिबिर झालेल्या आणि न झालेल्या गावात फरक काय, असे प्रश्न तो विचारतो. प्राध्यापकाला हे प्रश्न सुचतीलच असं नाही, आणि सुचले तरी तो थकलेला असतो. उलट संशोधकाचा फॉर्म मुलांच्या मनात काय चाललंय तिथवर पोचत नाही. दोघं एकत्र बसले तर काम चांगलं होतं. मात्र दोघांचेही स्वार्थ आहेत हे विसरू नये. प्राध्यापकाला कॉलेजचं नाव सांभाळायचं असतं आणि संशोधक अहवाल दिला की पुढच्या कामाला लागतो.

1994 मध्ये बंगळुरूला नॅक ही संस्था स्थापन झाली. कॉलेजांना दर्जा देणारी. तिच्या निकषांत संशोधनाबरोबर विस्तारकार्यही आहे, म्हणजे समाजात जाऊन केलेलं काम. त्यामुळे शिबिराला कॉलेजात मान आला, हे चांगलं. पण कागदही वाढले. फोटो, हजेरी, बातमीचं कात्रण आणि ग्रामपंचायतीचं पत्र. गावाचं मत म्हणजे लेटरहेडवरचं ते एक पत्र! ‘शिबिर अत्यंत उपयुक्त ठरले’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता ते पाठ झालंय.

आपण बचत गटवाल्यांना मूल्यमापन म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांपासून बँक जोडणी सुरू केली, तेव्हापासून आपली प्रतवारी होते आहे. बैठक वेळेवर होते का, वही नीट आहे का, परतफेड किती. बँकेचा साहेब येतो, पण तो निदान आपल्यासमोर बसून वही उघडतो, आपल्याला विचारतो. शिबिराच्या बाबतीत जिच्या चुलीशी येऊन पोरं पाणी मागतात, तिला कोणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर वेगळं घडलं. शिबिर घेणारे सर आणि समाजकार्याच्या संस्थेतल्या एक संशोधक मॅडम शिबिर संपल्यावर दोन महिन्यांनी परत आले आणि गटाच्या बैठकीत बसले. मॅडमकडे प्रश्नावली होती. पहिल्याच प्रश्नाला एक मावशी म्हणाल्या, “मॅडम, पाड्यात माणसंच नसतात तेव्हा तुम्ही येता.” खरंच होतं. भात-नागली निघाली की पेठ-सुरगाण्याचे लोक द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात. मुलांनी घरोघर सर्वेक्षण केलं तेव्हा उत्तरं दिली ती म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी. त्यावरून जो तक्ता झाला त्यात पाड्यावर कमावत्या बायका फार कमी आहेत असं निघालं! मॅडमनी तो तक्ता तिथेच बाजूला ठेवला.

मग एकेक निघत गेलं. झाडं लावली ती ऐन थंडीत, म्हणजे उन्हाळाभर त्यांना पाणी कोणी घालायचं? डोक्यावर हंडा आमच्या. वनराई बंधारा चांगला झाला होता, मुलांनी सिमेंटच्या गोण्या भरून मनापासून बांधला होता. पण जागा निवडली ती रस्त्याजवळची. तोच विहिरीच्या वरच्या अंगाला बांधला असता तर विहिरीला पाझर मिळाला असता. हे बोलताना बायका रागावलेल्या नव्हत्या. उलट दोघी-तिघींनी सांगितलं की शिबिरातल्या मुलींनी पाड्यावरच्या एका पोरीचा कॉलेजचा आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला, ती आता नाशिकला शिकते. सर म्हणाले, “हे तर मला माहीतच नव्हतं.” त्यांच्या अहवालात त्यासाठी रकानाच नव्हता.

शिबिराची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालते, ती सरांच्या हातात नाही. पण 120 तास वर्षभराचे असतात, हे मॅडमनी लक्षात आणून दिलं. झाडं आषाढात एक दिवस येऊन लावता येतील, सर्वेक्षण द्राक्षाचा हंगाम संपल्यावर करता येईल. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना समाजात जाऊन केलेल्या कामाचे गुण मिळायला लागलेत, त्यामुळे एनएसएस नसलेली मुलंही गावात येणार. तुमच्याकडे आली तर ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन जाण्याआधी त्यांच्या सरांना गटाच्या बैठकीची तारीख सांगा. आणि बंधाऱ्याची, झाडांची जागा ठरवायला फिरतील तेव्हा दोघीजणी बरोबर जा.

त्या पाड्यावर यंदाचा बंधारा विहिरीच्या वर बांधला. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर दर सोमवारी पाणी कुठवर आहे ते लिहितात, आणि सर फोन करून विचारतात. गेल्या सोमवारी ते मोठ्या काळ्या दगडाच्या दोन बोटं खाली गेलं होतं.