बुडालेल्या जहाजांतील हिरवी भांडी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. हा शब्द मूळचा एका बंदराचा. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील मर्तबान बंदराला आज मोत्तमा म्हणतात. पूर्वेकडची झिलईदार भांडी तिथून जहाजांवर चढत आणि बंदराचे नाव भांड्यांना चिकटले. चौदाव्या शतकातील इब्न बतूताच्या सफरनाम्यात खारवलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा भरलेले मर्तबान भेट मिळाल्याचा उल्लेख आहे. उस्मानी दरबारात तर हिरव्या झिलईच्या भांड्यांनाच मर्तबानी म्हणत. इस्तंबूलच्या तोपकापी महालात अशी १३००हून अधिक भांडी जपलेली आहेत. त्यांत विषारी अन्न वाढले की भांडे ते उघड करते, असा समज होता.

तोपकापीतील बहुतेक भांडी चीनची. पण अशी हिरवी भांडी सियाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्येही, मोठ्या प्रमाणावर बनत. योम नदीकाठच्या सी सत्चनालाई या गावाभोवती शेकडो भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. झिलईत थोडे लोह असते. भट्टीतील हवा कोंडून भांडी भाजली की तेच लोह हिरवा रंग देते. भाजताना भांडे मातीच्या नळीवर टेकवत, म्हणून त्याच्या बुडाशी काळपट वर्तुळ उमटते. चिनी आणि सियामी भांडे ओळखण्याची ही एक सोपी खूण. या मालाला सावनखालोक म्हणतात.

हे कुंभार कोण होते, त्यांचा माल कुठे जाई, हे दरबारी तवारिखांतून कळत नाही. ते कळले बुडालेल्या जहाजांतून. १९७०च्या दशकापासून थायलंडच्या आखातात आणि पुढे मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे अशी जहाजे सापडत गेली. १९९५ साली सापडलेल्या ‘रॉयल नानहाई’ या जहाजात सुमारे २१ हजार भांडी होती. हे जहाज १४६०च्या सुमारास बुडाले असावे. त्याच्या तळाशी एका छुप्या कप्प्यात हस्तिदंती मुठीची तलवार आणि हत्तीची आकृती असलेली कांस्य मोहरही मिळाली.

चीनच्या मिंग बादशहाने १३७१ साली खासगी समुद्रव्यापारावर बंदी घातली. ती १५६७पर्यंत, कधी कडक तर कधी सैल, चालू राहिली. या काळात बाजारात चिनी भांड्यांची टंचाई झाली आणि ती जागा सियाम व व्हिएतनामच्या कुंभारांनी भरून काढली. रॉक्सॅना ब्राऊन या संशोधक बाईंनी बुडालेल्या जहाजांतील मालाची जहाजवार मोजदाद करून हे दाखवून दिले. त्यांचा प्रबंध २००४चा, आणि त्यावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००९ साली निघाले. हाच सियामी माल जावा, सुलावेसी आणि फिलिपाइन्सच्या बेटांवर पोचला. अरबी आखातावरील जुल्फारच्या उत्खननातही त्याचे तुकडे मिळाले. भांडी बौद्ध मुलखातली आणि दस्तरखान मुसलमानांचे, असे तेव्हा कितीतरी घरांत घडत असेल.

ही मोजदाद शक्य झाली, कारण कोणते भांडे कोणत्या जहाजातले हे ठाऊक होते. एका जहाजातला माल एकाच वेळी भरलेला असतो. म्हणून एका भांड्याचा काळ ठरला की शेजारच्या भांड्यांचाही ठरतो. पण पाणबुडे लुटारू आधी पोचले, तर भांडी बाजारात विखुरतात आणि हा पुरावा कायमचा जातो. १९९२ साली थायलंडच्या नौदलाने आखाताच्या मध्यभागी असा माल उपसणारे एक जहाज अडवले, तेव्हा त्यावर दहा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. शोकेसमध्ये ठेवलेले बेवारस ताट सुंदर दिसेल, पण त्याला बोलता येत नाही.

या भांड्यांना युरोपात सेलाडॉन म्हणतात. हे नाव सुलतान सलाहुद्दीनवरून पडले, असे काही जण सांगतात. त्याने नूरुद्दीनला अशी चाळीस भांडी नजर केल्याची कथा आहे. आपल्याला ती गोड वाटते. पण बहुतेक अभ्यासक हा शब्द सतराव्या शतकातील एका फ्रेंच कादंबरीतल्या मेंढपाळाच्या नावाशी जोडतात, आणि ते मान्य करण्यात आपले काही कमी होत नाही.

आम्ही आमचा इतिहास फार काळ सुलतानांच्या नावांत आणि तलवारींत शोधत आलो. त्या बुडालेल्या जहाजात तलवार एकच होती आणि भांडी एकवीस हजार. ती भांडी घडवणारे, वाहून नेणारे आणि त्यांत जेवणारे लोक कोणत्याच तवारिखेत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातला मर्तबान मात्र त्यांच्या नात्यातला आहे. तो फुटण्याआधी, तो घरात कुठून आला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.