रेघ कोणत्या गंधाराची?

पडदे नसलेल्या बास गिटारच्या पट्टीवर सुरांच्या रेघा असाव्यात, की पट्टी कोरी असावी? जॅको पास्टोरियस यांच्या गाजलेल्या बासवर काढून टाकलेल्या पडद्यांच्या रेघा दिसत. पण रेघ मारायची तर आधी जागा ठरवायला हवी.

आपल्याकडे हे काम जुने आहे. अहोबलाने सतराव्या शतकात 'संगीतपारिजात'मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून सुरांच्या जागा सांगितल्या. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचे गणित प्रसिद्ध केले. त्यांनी व क्लेमंट्स यांनी पुढे आणलेली श्रुतींची पेटी मात्र १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत सर्वमान्य झाली नाही.

अडचण मोजून पाहू. ९० सें.मी. तारेवर ५:४ या प्रमाणाचा गंधार ७२ सें.मी. लांबीवर येतो, सप्तकाचे बारा समान भाग केले तर सुमारे ७१.४ वर. फरक अवघा सहा मिलिमीटरांचा! बासवरच्या रेघा या दुसऱ्या हिशेबाच्या. बोट दोन्ही जागा झाकते, म्हणून रेघ असूनही निवाडा कानालाच करावा लागतो.

रत्नागिरीत भजनाची पेटी सहज मिळते. ती शाळेत आणावी. सोनोमीटरची तार तिच्या पांढरी एकशी जुळवावी, टेकू ७२ वर सरकवावा आणि तारेसोबत पेटीचा गंधार वाजवावा. पेटी समान भागांत लावलेली असेल तर आवाज सेकंदाला दोन-तीनदा लहानमोठा होताना मुलांना ऐकू येईल.