वाचनालयाची किल्ली कोणाकडे?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. या दोन जुन्या वाचनालयांच्या मधे जो मुलूख पसरला आहे, चिकोडी, हुक्केरी, निपाणी, गडहिंग्लज, चंदगड, त्यात माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. ऊस, तंबाखू आणि भात पिकवणारा हा भाग. घरात कानडी, बाजारात मराठी, किंवा नेमकं उलट. शहरातल्या वाचनालयांचे शतक महोत्सव झाले, स्मरणिका निघाल्या. खेड्यातल्या वाचनालयाचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. ते कधी सुरू झालं आणि कधी बंद पडलं, हे गावालाही धड सांगता येत नाही.

व्याख्यानाच्या किंवा संमेलनाच्या निमित्तानं मी या गावांत जाते, तेव्हा वाचनालय कुठं आहे हे आवर्जून विचारते. उत्तर बहुतेक एकाच ठशाचं असतं. "हाय की अक्का. पण किल्ली कुणाकडं हाय ते बघाय पायजे." हे उत्तर ऐकून पूर्वी मला हसू यायचं. आता वाटतं, आपल्या ग्रामीण वाचनालयांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. किल्ली कुणाकडं, हाच खरा प्रश्न. आणि तो आजचा नाही.

आम्हा जैनांपुरतं बोलायचं तर तो फारच जुना आहे. आमच्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. म्हणजे ग्रंथ देणं हे जेवू घालण्याच्या पंक्तीला बसवलं आहे. दहाव्या शतकातल्या अत्तिमब्बेचं नाव कर्नाटकात आजही आदरानं घेतलं जातं. पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती तिनं स्वखर्चानं ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असं परंपरा सांगते. छापखाना नाही, कागद नाही, एकेक अक्षर कोरायचं, आणि तरी हजार प्रती! ग्रंथ टिकवायचा तर तो पुष्कळ हातांत गेला पाहिजे, हे त्या बाईला कळलं होतं.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. षट्खंडागमावरची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांत होती. यात्रेकरू जायचे, ग्रंथाचं दर्शन घ्यायचे, हात जोडून परत यायचे. वाचायला तो कुणाला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांनी खटपट सुरू केली. नकला करून घेण्यात वर्षांमागून वर्षं गेली, आणि छापील पहिला खंड हिरालाल जैनांच्या संपादनाखाली १९३९ साली बाहेर पडला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आम्ही श्रुतपंचमी साजरी करतो. बस्तीतले ग्रंथ बाहेर काढतो, झाडतो, नवं वेष्टन बांधतो, पुन्हा कपाटात ठेवतो. ग्रंथाची पूजा होते, ग्रंथ उघडला जातोच असं नाही. अत्तिमब्बेचा रस्ता आणि कुलूपबंद भांडाराचा रस्ता, दोन्ही आमचेच.

इंग्रजी अमदानीत जी वाचनालयं निघाली, ती कुणाची होती? जिल्ह्याच्या गावी कलेक्टर, न्यायाधीश, त्यांच्या हाताखालचे देशी अधिकारी, वकील, मास्तर अशा मंडळींनी वर्गणी काढून 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' उभ्या केल्या. रत्नागिरीची १८२८ची, ती या सगळ्यांत वडील. या वाचनालयांनी मोठं काम केलं यात शंका नाही. पण ती वर्गणीदारांची होती. ज्याला महिन्याची वर्गणी परवडते, ज्याला शहरात येणं जमतं, आणि जो पुरुष आहे, त्याच्या हातात पुस्तक पडे. शेतकऱ्याच्या दारापर्यंत ते पोचायला अजून साठ-सत्तर वर्षं लागायची होती.

ते पहिल्यांदा पोचलं बडोद्यात. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं. मग प्रश्न आला, शाळा सोडल्यावर या मुलांनी वाचायचं काय? दोन-चार वर्षांत अक्षरं विसरून जातील. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झालं, त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली, आणि फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या खेड्यांकडे निघाल्या. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पैशाची व्यवस्था. गावाला वाचनालय हवं असेल तर एक हिस्सा गावानं जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीनं घालायचा आणि तेवढाच राज्यानं. तिघांचे सारखे हिस्से. साधा हिशेब आहे, पण त्याच्या पोटात शहाणपण आहे. गावानं पैसे घातले की गाव विचारतं, दार का उघडलं नाही? आणि राज्यानं पैसे घातले की चार दात्यांचा उत्साह ओसरला म्हणून वाचनालय बंद पडत नाही.

आमच्या भागाकडे, म्हणजे मुंबई इलाख्याकडे, हे वारं उशिरा आलं. १९३७ साली बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. मूळचे कुरुंदवाडचे, बेळगावात वकिली केलेले, स्तवनिधीला १८९९ साली सुरू झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कामातून पुढे आलेले. आमच्या घरातून त्यांचं नाव फार अभिमानानं घेतलं जायचं, पण ते वसतिगृहांसाठी आणि शिक्षणासाठी. याच सरकारच्या काळात, १९३९ साली, ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, पुणे, अहमदाबाद आणि धारवाड इथं विभागीय, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरती साखळी या समितीनं सुचवली. अहवाल तयार होईपर्यंत मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडलं होतं, महायुद्ध सुरू झालं होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यातला काही भाग अमलात आला. गावानं संस्था काढायची, सरकारनं तिला अनुदान द्यायचं, ही रीत तेव्हा पडली. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यातच होता.

मग आलं १९५६. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. या रेषेवर भाषेच्या, शाळांच्या, पाट्यांच्या अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते दुःख खोटं नाही. पण त्या रेषेनं वाचनालयांचं काय केलं, याचा विचार फारसा झालेला नाही. काल एका जिल्ह्यात असलेली गावं दोन वेगळ्या कायद्यांखाली गेली, आणि ते कायदे स्वभावानंच वेगळे होते.

म्हैसूर राज्याचा ग्रंथालय कायदा १९६५चा. त्यानं ग्रंथालय ही सरकारची जबाबदारी मानली आणि त्यासाठी उपकर बसवला. तो स्थानिक करांवर. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात असा उपकर नाही. लोकांनी संस्था चालवायची, सरकारनं मान्यता देऊन अ, ब, क, ड असा वर्ग ठरवायचा आणि वर्गाप्रमाणं अनुदान द्यायचं. अलीकडे हक्काचा पैसा, पलीकडे हक्काची माणसं. दोन्ही एकत्र मात्र कुठंच नाहीत. बडोद्याच्या हिशेबातला एकेक हिस्सा जणू वाटणीत एकेका भावाकडे गेला.

याचे परिणाम गावात दिसतात. महाराष्ट्रात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. आकडा मोठा वाटतो. पण खेड्यातली बहुतेक 'ड' वर्गातली, म्हणजे शेवटच्या पायरीवरची. अनुदान तुटपुंजं, तेही हप्त्याहप्त्यानं येणारं. ग्रंथपालाचा पगार त्यातूनच, पुस्तकं त्यातूनच, वीजबिल त्यातूनच. २०१२ साली सरकारनं राज्यभर पडताळणी केली, तेव्हा कागदावरच चालणारी पुष्कळ वाचनालयं सापडली. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणंच थांबलं. चोर पकडले हे बरं झालं, पण ज्या गावात वाचनालय नव्हतं त्या गावाचा काय गुन्हा? २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली. दहा वर्षांची महागाई धरली तर ती वाढ कुठं मुरली ते दिसतही नाही. चंदगडच्या बाजूला एका गावात एक निवृत्त गुरुजी स्वतःच्या पेन्शनमधून वर्तमानपत्रांचं बिल भरताना मी पाहिले. "मी हाय तोवर चालंल. पुढचं कुणी बघितलंय?" असं ते म्हणाले. त्या वाचनालयाचं पाठबळ म्हणजे त्या गुरुजींची तब्येत.

अलीकडच्या बाजूला इमारत बहुधा असते. कर्नाटकानं २०१९ साली पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे सोपवली आणि पुढे त्यांना 'अरिवु केंद्र' असं सुंदर नाव दिलं. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. कित्येक ठिकाणी भिंती रंगवल्या, संगणक आले, मुलांसाठी कोपरे झाले. चांगलं झालं ते चांगलंच म्हणलं पाहिजे. पण ग्रंथपाल मानधनावरचा, आणि उपकर गोळा होऊनही ग्रंथालयाकडे वेळेवर येत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षांची. पुस्तकांची निवड पुष्कळशी वरून होते. निम्मं गाव मराठी वाचणारं असलं तरी कपाटात मराठी पुस्तकं शोधावी लागतात. मला कानडीचं वावडं नाही. अत्तिमब्बेची भाषा ती, माझ्या आज्जीची भाषा ती. पण ज्या गावाला दोन्ही भाषा येतात, तिथलं वाचनालय एका डोळ्यानं का बघतं? आणि हेच रेषेपलीकडे गडहिंग्लजच्या बाजूलाही विचारलं पाहिजे, तिथंही कानडी बोलणारी घरं आहेत.

आता बायकांचं. माझ्या आईच्या पिढीत वर्गणीदाराच्या वहीत नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असायचं, पुस्तक आणून द्यायचा धाकटा भाऊ, आणि दुपारी चुलीचं आवरल्यावर वाचायची ती. पुस्तक कुठलं आणायचं हे मात्र भावाच्या मर्जीवर. आज नाव तिचं असू शकतं, पण वाचनालय पंचायतीच्या इमारतीत, नाहीतर तालमीशेजारी. दारात पुरुष पेपर वाचत बसलेले. त्यांच्यामधून वाट काढत कुठली सून आत जाईल? सध्या या खोल्यांत मला सगळ्यांत जास्त दिसतात त्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली. त्या स्वतःची पुस्तकं आणतात, वाचनालयाचं टेबल आणि पंखा वापरतात. काही जुनी मंडळी यावर नाक मुरडतात. मला तर या मुलींमुळेच आशा वाटते. निदान त्या दार उघडायला लावतात.

या भागानं स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. बेळगाव तालुक्यातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावच वर्गणी काढतं, गावच मांडव घालतं, ग्रंथदिंडीत शाळेची पोरं आणि डोक्यावर कलश घेतलेल्या बायका असतात, हजारोंच्या पंगती उठतात. शेतावरची माणसं दिवसभर बसून भाषणं ऐकतात. असं दृश्य मोठ्या शहरांतही आता मिळत नाही. ज्या गावाला हे जमतं, त्याला वाचनालय जमत नाही हे मी मान्य करायला तयार नाही. फरक एवढाच, की संमेलन गावाला आपलं वाटतं आणि वाचनालय कुणाचं तरी वाटतं, पंचायतीचं, खात्याचं, नाहीतर एका गुरुजींचं.

म्हणून माझं म्हणणं थोडकं आहे. संमेलनाच्या हिशेबात दरवर्षी एक ओळ वाचनालयाची धरा. मांडवात पाहुण्यांना शाल-श्रीफळ देता, त्यातली निम्मी रक्कम मराठी आणि कानडी पुस्तकांना द्या. मग तो आकडा घेऊन पंचायतीकडे जा, तालुक्याला जा, आणि आमच्या हिश्शाएवढा तुमचा हिस्सा घाला म्हणून सांगा. रिकाम्या हातानं केलेली मागणी आणि स्वतःचे पैसे टेबलावर ठेवून केलेली मागणी यांत फरक पडतो. चालवणाऱ्या मंडळात निम्म्या बाया घ्या. बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा वाचनालयातच भरवा. कपाटाच्या एकाऐवजी तीन किल्ल्या करा, आणि त्यातली एक अभ्यासाला येणाऱ्या मुलींपैकी कुणाकडे तरी असू द्या.

पुस्तकं फाटतील, काही परत येणार नाहीत. येऊ देत नाहीतर न येऊ देत. कपाटात वाळवीनं खाल्लेलं पुस्तक आणि वाचून वाचून शिवण सुटलेलं पुस्तक, नोंदवहीत दोन्ही 'बाद' म्हणूनच लागतात. पण त्यातलं दुसरं गावात कुठंतरी उरलेलं असतं.