पडदा वाचायचा की मजकूर?

वर्गाचे निकालपत्रक एखाद्या सहकाऱ्याला फोनवरून वाचून दाखवायचे आहे, असे समजा. तुम्ही ओळ सरळ डावीकडून उजवीकडे वाचलीत : सात, बेचाळीस, अडतीस, एकसष्ट. ऐकणाऱ्याला काय कळणार? म्हणून आपण ‘हजेरी क्रमांक सात, मराठीत बेचाळीस, गणितात अडतीस’ असे वाचतो. ‘गणित’ हा शब्द कागदावर वरच्या ओळीत एकदाच असतो; प्रत्येक आकड्याला तो आपण मनाने जोडतो. अंध व्यक्तींसाठी संगणक बोलता करणाऱ्यांपुढे गेली चाळीस वर्षे हाच प्रश्न आहे.

सुरुवात सोपी होती. डॉसच्या काळात पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरांची जागा, म्हणजे २००० घरे असत. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे, त्याचा सांकेतिक अंक संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या ठिकाणी असे. तो उचलायचा आणि कृत्रिम आवाज काढणाऱ्या यंत्राकडे पाठवायचा. आय.बी.एम.मधील जिम थॅचर यांनी जेसी राइट या अंध सहकाऱ्याबरोबर काम करताना १९८०च्या दशकात असा प्रोग्रॅम घडवला. त्याचे नाव ‘स्क्रीन रीडर’. पुढे या जातीच्या सगळ्याच प्रोग्रॅमना ते चिकटले. १९८९ मध्ये टेड हेंटर यांचा ‘जॉज’ आला. हेंटर स्वतः अंध आहेत.

मग विंडोजचा जमाना आला आणि ती घरेच नाहीशी झाली. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर ‘क’ हे अक्षर राहिले नाही, नुसते रंगलेले ठिपके राहिले. यावर काढलेली युक्ती मोठी चतुर होती. कोणताही प्रोग्रॅम ‘इथे हे अक्षर काढ’ अशी आज्ञा देऊ लागला, की स्क्रीन रीडरने ती मध्येच ऐकायची आणि पडद्याची एक छुपी नोंदवही ठेवायची. पण अक्षराऐवजी चित्रच काढले गेले, तर नोंदवही कोरी! शिवाय कोणता आकडा कोणत्या मथळ्याखालचा, हे अंदाजानेच ठरवावे लागे.

वेगळा विचार केला तो पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठाची गणितातली पदवी, मग मुंबईची आय.आय.टी. आणि १९९४ मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर आवाजातून मांडणे. ‘ए अधिक बी भागिले सी’ असे फळ्याकडे तोंड करून म्हणा. भागाकार दोघांचा की फक्त बीचा, हे मागच्या बाकावर कोणालाच कळणार नाही. रामन यांचा प्रोग्रॅम छापील समीकरणाकडे न पाहता त्याची मूळ रचना वाचे आणि आवाजाच्या चढउतारातून ती ऐकवी.

हाच विचार त्यांनी १९९५ च्या ‘ईमॅकस्पीक’मध्ये संगणकाच्या रोजच्या वापराला लावला. पडद्याला विचारूच नका, प्रोग्रॅमलाच विचारा. त्यांचे आवडते उदाहरण दिनदर्शिकेचे. पडदा वाचणारा म्हणणार, ‘पंधरा’. ईमॅकस्पीक मात्र प्रोग्रॅमकडून तारीख घेऊन वार, महिना आणि वर्षासह सांगतो.

तर्काने पाहिले तर हे उत्तर बिनतोड आहे. अडचण एवढीच, की ते ‘ईमॅक्स’ या संपादकाच्या आवारापुरतेच चालते. बँकेतल्या कारकुनाला ‘मला हा हिशेबाचा प्रोग्रॅम नको’ असे म्हणता येत नाही. जॉज जे समोर असेल ते, बरेवाईट का होईना, वाचत होता. माझ्या मते नोकरी करणाऱ्याला तोच जास्त उपयोगी पडला. पुढे मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये प्रोग्रॅमनी स्वतःच ‘मी बटण आहे, माझे नाव अमुक’ असे सांगण्याची सोय केली, म्हणजे मुख्य प्रवाह रामन यांच्या दिशेने निम्मा सरकला. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला मोफत ‘एनव्हीडीए’ अशाच सोयींवर उभा आहे.

तरीही मराठीत एक खड्डा राहतोच. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका अंध विद्यार्थ्याला मी माझ्या टिपणांची फाईल दिली. एनव्हीडीएने त्यातून रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी वाचून दाखवली. छापलेली प्रत मात्र शुद्ध मराठी! जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर देवनागरीची नुसती चित्रे बसवलेली असत. पडदाही फसवा आणि खुद्द प्रोग्रॅमलाही तो मजकूर रोमनच वाटत होता. तिथे कोणाला विचारणार? १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरीला स्वतःचे अंक आहेत, पण मी सवयीने जुन्याच फाँटमध्ये लिहीत होतो.

आपली फाईल कोणत्या जातीची हे पाहणे सोपे आहे. एक परिच्छेद निवडा आणि फाँट बदलून ‘एरियल’ करा. मराठी मराठीच राहिली, तर तो युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर आपल्या अंध विद्यार्थ्याला नेमके तेच ऐकू येते. त्या मुलासाठी मी चाळीस पाने पुन्हा टंकली.