सुयांचा कूर्च

पुण्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांत आरशाखालचा खण उघडला, तर हल्लीं तेथें कुंकवाचा करंडा आणि फणी यांच्या शेजारीं एक अपरिचित उपकरण सांपडण्याचा संभव असतो. वीतभराहून लहान दांडा, त्याच्या टोकाशीं फिरणारा एक रूळ, आणि त्या रुळावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा शेंकडों बारीक सुया. हा रूळ गालावरून, कपाळावरून फिरवावयाचा. त्यानें सुरकुत्या पुसट होतात, जुने वण भरून येतात आणि वर चोळलेलें औषध आंत मुरतें, असें विकणारा सांगतो. घेणाऱ्या व्यक्तीचें वय बहुधा पन्नाशीच्या पुढचें असतें. त्वचा कोरडी व हळवी झालेली असते. घरांतील तरुण मंडळींना ही वस्तु अगदीं नवी व परदेशी वाटते, तर वडीलधाऱ्यांना तो निव्वळ वेडेपणा वाटतो. इतिहासाचा साक्षीदार बोलाविला, तर तो दोघांसहि चुकलेले ठरवील.

सुमारें तेराशें वर्षांपूर्वींच्या वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथांत शस्त्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत सव्वीस शस्त्रें सांगितलीं आहेत, आणि त्यांपैकीं एकाचें नांव कूर्च. एका वाटोळ्या बैठकीवर सात किंवा आठ सुया घट्ट बसवावयाच्या, कीं झाला कूर्च. त्याचा उपयोगहि ग्रंथकारानें नेमका सांगितला आहे: नीलिका, व्यंग आणि केस गळणें या तीन विकारांत त्वचेवर टोचे मारण्यासाठीं. व्यंग म्हणजे चेहऱ्यावर उमटणारें पातळ, सांवळें मंडल. मराठींत ज्यांना वांग म्हणतात, ते हेच. तसलाच डाग चेहऱ्याखेरीज अन्यत्र उठला म्हणजे ती नीलिका. शोक व क्रोध यांनीं वात आणि पित्त बिघडून व्यंग उत्पन्न होतें, असें वाग्भटाचें मत होतें. सुश्रुताच्या ग्रंथांतहि या विकारावर त्वचा घासून मग वड, उंबर अशा चिकाच्या झाडांच्या साली दुधांत वाटून लेप देण्यास सांगितलें आहे. आधीं त्वचेंत वाट करावयाची आणि मग औषध लावावयाचें, हा क्रम दोघांनाहि मान्य होता.

या ग्रंथाशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, ज्याला मराठी माणूस हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्यानें तेराव्या शतकांत अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली. देवळांची बांधणी आणि मोडी लिपि यांच्याशीं ज्याचें नांव लोकांनीं जोडलें, तो पुरुष वैद्यकाचाहि व्यासंगी होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. पुढें डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं ‘सार्थ वाग्भट’ या नांवानें मूळ ग्रंथ मराठींत आणिला. १९३९ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्या टीकांसह हरिशास्त्री पराडकर वैद्य यांनीं संपादिलेली प्रत प्रसिद्ध केली. तेव्हां कूर्चाचें वर्णन कोठें गुप्त पोथींत दडलेलें होतें, असें नाहीं. तें मराठी वाचकाच्या कपाटांतच होतें.

मात्र येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आजचें प्रत्येक यंत्र आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें म्हणण्याची एक संवय आपल्याकडे आहे. तिनें पूर्वजांचा गौरव होत नाहीं आणि सत्याचाहि होत नाहीं. वाग्भटाच्या कूर्चाचा हेतु दुष्ट रक्त काढून टाकणें हा होता. आजच्या रुळाचा हेतु त्वचेनें स्वतःच नवे धागे विणावे, हा आहे. हत्यार एक, हात एक, पण मनांतील कारण निराळें. साम्य आहे तें निरीक्षणाचें. सुईनें बेतानें टोचलेली त्वचा बरी होतांना पूर्वींपेक्षां बरी दिसते, हें त्या वैद्यांनीं पाहिलें असलें पाहिजे. एरव्हीं चेहऱ्यासारख्या जागेवर कोणी सुया चालविल्या नसत्या.

वैद्यांच्या हातून कूर्च कालांतरानें सुटला. शस्त्रकर्म ब्राह्मण वैद्यांच्या घरांतून हळूहळू नाहींसें झालें आणि जें उरलें तें कारागिरांच्या हातीं उरलें. सुयांचा जुडगा मात्र महाराष्ट्रांत दुसऱ्याच एका हातांत जिवंत राहिला. तो हात गोंदणारणीचा. काजळी पाण्यांत किंवा पाल्याच्या रसांत खलावयाची, दोनचार सुया दोऱ्यानें एकत्र बांधावयाच्या आणि मुलीच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर ठिपके, तुळस, नांव उमटवावयाचें. मग वर हळद लावावयाची. गांवोगांवच्या जत्रांतून हें काम चाले. दागिने चोरीस जातील, पण गोंदण मेल्यावरहि बरोबर येतें, अशी बायकांची श्रद्धा होती. गंमत अशी, कीं वाग्भटाची सुई डाग घालविण्यासाठीं होती आणि गोंदणारणीची सुई डाग घालण्यासाठीं. या दोन सुयांची गांठ पुढें फार दूर देशीं पडावयाची होती.

त्यापूर्वीं पुण्यांत घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्वचेच्या इतिहासांत पुण्याचें नांव तिनें कायमचें नोंदविलें आहे. १७९२ च्या टिपूबरोबरच्या युद्धांत इंग्रजी सैन्याचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हातीं लागला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. नंतर पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाच्या पत्र्याचें नाक तयार करून तो पत्रा कपाळावर सपाट पसरला, त्याच्या कडेनें रेघ आंखली, तेवढी कपाळाची कातडी सोडविली, दोन भुंवयांच्या मध्यें एक पट्टी तशीच जोडलेली ठेवून ती कातडी खालीं वळविली आणि जागेवर बसविली. वर काताच्या पाण्यांत भिजविलेलें फडकें ठेविलें. क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू या शस्त्रवैद्यानें अनेक वर्षें अभ्यास केला आणि १८१४ मध्यें लंडनमध्यें तीच क्रिया यशस्वी केली.

कावसजीचें नांव राहिलें, इंग्रजांचीं नांवें राहिलीं, कार्प्यूचें नांव राहिलें. ज्यानें नाक केलें, त्या पुण्याच्या कारागिराचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. त्याची विद्या शास्त्राच्या ग्रंथांतून तुटलेली होती आणि शास्त्र जाणणाऱ्यांच्या हातांतून ती क्रिया गेलेली होती. ज्ञान एकीकडे आणि हात एकीकडे अशी फारकत झाली, म्हणजे विद्या परक्या दारीं जाऊन मोठी होते, हें या गोष्टीवरून शिकण्यासारखें आहे.

युरोपांत वणांवरील उपचारांची नवी वाट जर्मनींतील क्रोमायर या त्वचावैद्यानें पाडली. १९०५ च्या सुमारास दंतवैद्यांच्या फिरत्या कानशीसारख्या हत्यारानें त्यानें चेहऱ्यावरील वण खरवडण्यास आरंभ केला. हा उपाय कठोर होता. वरची त्वचाच निघून जाई. त्यानंतर जवळजवळ शतकाच्या अखेरीस कॅनडांतील माँट्रिअल येथें कामिराँ या शस्त्रवैद्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शस्त्रक्रियेनंतर कांहीं रुग्णांच्या चेहऱ्यावर पांढुरके वण राहिले होते. ते झांकण्यासाठीं त्यानें ते कातडीच्या रंगानें गोंदून काढले. वर्ष-दोन वर्षांनीं गोंदलेला रंग उडाला, तरी वण पुन्हां दिसेनात. ते मऊ झाले होते आणि त्यांत त्वचेचा स्वतःचा रंग परत आला होता. तेव्हां हा गुण रंगाचा नसून सुईचा, असें त्यानें ताडलें. मग त्यानें गोंदण्याचें यंत्र शाईवांचूनच वणांवर चालविलें आणि १९९७ मध्यें आपल्या सहकारिणीसह तो अनुभव प्रसिद्ध केला. गोंदणारणीची सुई अशा रीतीनें पुन्हां वाग्भटाच्या कामास लागली. त्याच दशकांत दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउनच्या डेस्मंड फर्नांडिस या शस्त्रवैद्यानें सुया रुळावर बसविल्या, आणि आजच्या रुळाचा जन्म झाला.

वाग्भटानें सांगितलेला तिसरा उपयोग केस गळण्यावरचा होता. त्याची कसोटी महाराष्ट्रांतच लागली. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. रचिता धुरत व त्यांचे सहकारी यांनीं टक्कल पडत असलेल्या १०० पुरुषांवर प्रयोग करून तो २०१३ मध्यें प्रसिद्ध केला. निम्म्यांना केवळ मिनॉक्सिडिल हें औषध दिलें. उरलेल्यांना त्याच औषधाच्या जोडीला दर आठवड्यास डोक्यावर सुयांचा रूळ फिरविला. बारा आठवड्यांनंतर मोजलेल्या जागेंत पहिल्या गटाचे केस सरासरीनें २२ वाढले, तर दुसऱ्याचे ९१. तपासणाऱ्यास कोण कोणत्या गटांतील हें ठाऊक नव्हतें. श्रद्धा आणि शास्त्र यांत फरक आहे तो एवढाच: शास्त्र मोजतें, आणि मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर आधीं पट्टी बांधतें.

आतां सुई काय करते, तें पाहूं. त्वचेचा वरचा पदर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड असतो. त्याखालच्या जाड पदरांत कोलॅजन नांवाच्या धाग्यांचें विणकाम असतें. प्रौढपणीं हे धागे दरसाल सुमारें एक टक्का कमी होत जातात, आणि उन्हानें ही झीज अधिक होते. सुईचें टोक खालच्या पदरांत पोंचलें, म्हणजे तेथें सूक्ष्म जखमा होतात. रक्तांतील बिंबाणु तेथें जमतात, दुरुस्तीची हांक जाते आणि पुढील कांहीं महिन्यांत नवे धागे विणले जातात. यासाठीं दवाखान्यांत अर्ध्यापासून दोन मिलिमीटरपर्यंत लांब सुया वापरतात. घरगुती रुळाच्या सुया पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. त्या खालच्या पदरापर्यंत फारशा पोंचत नाहींत. वर लावलेलें औषध आंत सोडणें, एवढेंच त्यांचें मुख्य काम.

आणि धोका नेमका येथेंच आहे. त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. चेहऱ्यावर चोळण्यासाठीं केलेलें मलम तटाबाहेर राहील असें धरूनच केलेलें असतें. सुईच्या वाटेनें आंत गेलें, कीं शरीर त्यास शत्रु समजूं शकतें. रूळ फिरवून त्यावर असले पदार्थ लावल्यानंतर तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर कठीण गांठी उठल्याची हकीकत २०१४ मध्यें अमेरिकेंतील त्वचावैद्यांनीं प्रसिद्ध केली. रूळ नीट शुद्ध केला नाहीं, बहिणीबहिणींनीं एकच वापरला, सुया बोथट किंवा वांकड्या झाल्या, तर जंतूंचा शिरकाव होतो आणि त्वचा टोचली न जातां ओरखडली जाते. आपल्याकडील सांवळ्या त्वचेवर ओरखड्याच्या जागीं काळा डाग राहतो. वांग घालविण्यास निघावें आणि नवे डाग पदरीं पडावे, असें होतें. मुरुमें पिकलेलीं असतांना, इसब असतांना, ओठांवर पुटकुळ्यांची नागीण वरचेवर उठत असतां किंवा रक्त पातळ करणारीं औषधें चालू असतां हा उद्योग वैद्यास विचारल्यावांचून करूं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मार्च २०१८ मध्यें असें पहिलें उपकरण विक्रीस मान्य केलें, तेंहि वैद्यकीय देखरेखीखालीं वापरण्यासाठींच.

जुन्या ग्रंथांतून घ्यावयाचें तें कूर्चाच्या अभिमानाइतकेंच, किंबहुना अधिक, त्याच्या भोंवतींच्या शिस्तीचें भान होय. शस्त्र चालविणाऱ्या वैद्याच्या अंगीं धैर्य हवें, हात जलद हवा, शस्त्र तीक्ष्ण हवें, घाम वा कंप सुटतां कामा नये आणि बुद्धि गोंधळतां कामा नये, असें त्या शास्त्राचें मागणें होतें. सुश्रुताच्या शिष्यास माणसाच्या अंगावर हात टाकण्यापूर्वीं कोहळ्यावर कापण्याचा आणि केसाळ ताणलेल्या चामड्यावर खरवडण्याचा सराव करावा लागे. वाग्भटानें शस्त्रें ठेवण्याच्या पिशवीचेंहि माप दिलें आहे: बारा अंगुळें लांब, नऊ अंगुळें रुंद, रेशमाची वा मऊ चामड्याची, आंत लोंकर घातलेली, म्हणजे धार जाऊं नये. ज्यांना जंतु ठाऊक नव्हते, त्यांनीं सुईची इतकी निगा राखली. ज्यांना ते ठाऊक आहेत, त्यांनीं ती खणांत फणीशेजारीं टाकावी, हें बरें नव्हे.

वृद्ध आणि हळव्या त्वचेसाठीं तर त्याच ग्रंथांत याहून सौम्य वाट आहे. रोज तेल लावावें, तें जरा आणि श्रम दूर ठेवतें, असें वाग्भटानें दिनचर्येंत लिहिलें. दिवाळीच्या पहाटे पुण्याच्या घरोघरीं जें अभ्यंग होतें, तें त्या रोजच्या आचाराचें वर्षांतून एकदां उरलेलें स्मरण आहे. लगेच पुढें अजीर्ण झालेल्यानें व कफानें पीडलेल्यानें अभ्यंग करूं नये, असेंहि त्यानें बजाविलें. तेलासारख्या निरुपद्रवी वस्तूच्या बाबतींतहि कोणीं करूं नये हें सांगितल्यावांचून तो पुढें गेला नाहीं. आजचें शास्त्रहि साठीपुढील कोरड्या त्वचेस आधीं सौम्य साबण, स्निग्ध लेप आणि उन्हापासून बचाव यांचाच सल्ला देतें. सुईचा क्रम त्यानंतरचा, आणि तोहि जाणत्याच्या हातून.

कूर्च वैद्यांच्या हातून सुटला, तेव्हां ज्ञान आणि हात यांची फारकत झाली. आज तो आरशापुढें बसलेल्या कोणाच्याहि हातीं आला आहे, आणि तीच फारकत पुन्हां होऊं पाहत आहे. सुई तेराशें वर्षांत फारशी बदललेली नाहीं. ती कोणाच्या हातीं आहे, यावरच चेहऱ्यावरील डाग जाणार कीं राहणार, हें पूर्वींहि ठरत होतें आणि आजहि ठरतें.